राउंडे

त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्याचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अजून चालू आहे. उगाच माझ्यामुळे काही अडायला नको. सोसायटीत त्याला राउंडे म्हणतात. ‘आज राउंड आहे’, ‘कालचा राउंड पुढे गेला’, ‘आता हा झाला की एकच राउंड’ हे ऐकून ऐकून बी विंगमधल्या पोरांनी ते नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की यंदा गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा ‘श्री. राउंडे’ अशीच फाटली. त्याने ती नीट घडी घालून पाकिटात ठेवली. “असू दे काका,” मला म्हणाला, “ॲड्रेस प्रूफला लागली तर?”

धंद्याने तो सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. हे काम पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या फुकट होत आलंय, त्यामुळे सोसायटीतल्या जुन्या मंडळींना त्याच्या पगाराचं कोडं कधी उलगडलं नाही. राउंडे मात्र मूळचा कुर्डुवाडीचा. वडील, आमचे अण्णा, रेल्वेत स्टेशन मास्तर होते. निवृत्त झाल्यावर सिंहगड रोडला फ्लॅट घेऊन आमच्या डोक्यावर राहायला आले. मुलाचं वय बत्तीस. अनुभव विचारलात तर तो ‘नऊ वर्षं’ म्हणत नाही. ‘टोटल नऊ, रिलेव्हंट सात’ म्हणतो. मधली दोन वर्षं कुठे गेली हे विचारायचं नसतं.

दारावरची बेल वाजवली की राउंडे दार उघडतो तो कमरेवर सोमवार आणि कमरेखाली रविवार अशा वेषात. वर कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खाली फुलाफुलांची बर्मुडा. कॅमेऱ्यात तेवढंच दिसतं. ‘नोकरी लागली का रे?’ असं विचारलं तर तो चिडत नाही, ओशाळत नाही. “प्रोसेसमध्ये आहे,” म्हणतो. काही माणसं कोर्टात कारकून असतात, काही विम्याच्या धंद्यात असतात, तसा हा प्रोसेसमध्ये असतो.

सुरुवात झाली ती नव्वद दिवसांपासून. आयटीतल्या बऱ्याच कंपन्यांत राजीनामा दिल्यावर नव्वद दिवसांची नोटीस भरावी लागते. जुन्या कंपनीत असताना राउंडेला नव्या नोकरीसाठी रोज फोन यायचे आणि प्रत्येक फोन एकाच ठिकाणी आपटायचा. “सर, नोटिस पीरियड कितना है?” “नाइंटी डेज.” “ओह. क्लायंट को इमिजिएट जॉइनर चाहिए, सर. मॅक्झिमम फिफ्टीन डेज.” खट्. म्हणजे जिला दुसऱ्याचा माणूस पंधरा दिवसांत हवा असतो, तीच कंपनी स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस दाराबाहेर पडू देत नाही. राउंडेने यावर बराच विचार केला आणि सरळ राजीनामा दिला. नव्वद दिवस भरले, शेवटच्या दिवशी केक कापला, मित्रांबरोबर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सर्वांना हवाहवासा इमिजिएट जॉइनर म्हणून जागा झाला. साडेदहाला पहिला फोन आला. “सर, हातात ऑफर नसताना जॉब का सोडलात?”

अण्णांनी तेव्हाच विचारलं होतं, “पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिलाय का?” पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी फलाटावरून हलवायची नाही, या एका नियमावर अण्णांची सगळी नोकरी झाली. मुलाची गाडी अशी मोकळ्या रुळावर सुटलेली पाहून त्यांना रात्र रात्र झोप लागेना.

राउंडेला फोन करणारी माणसं कंपनीची नसतात. ती कन्सल्टन्सीची असतात, बहुधा नोएडात किंवा बेंगळुरूत बसलेली, आणि त्यांच्यासमोर एक तक्ता असतो. टोटल एक्स्पीरियन्स, रिलेव्हंट एक्स्पीरियन्स, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस, लोकेशन, रीझन फॉर चेंज. राउंडे हे सगळं आता तोंडपाठ, एका श्वासात, मारुतीस्तोत्राच्या चालीवर म्हणतो. समोरची मुलगी ते टिपून घेते, मग म्हणते, “थँक यू सर, मी मेल पाठवते, त्यात हेच डीटेल्स भरून पाठवा.” मेल येतो, त्यात तोच तक्ता. तो भरून पाठवला की कंपनीच्या पोर्टलची लिंक येते. तिथे खातं उघडायचं, पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह घालायचं, बायोडेटा अपलोड करायचा आणि मग त्या बायोडेटात जे लिहिलंय ते सगळं पुन्हा चौकटी-चौकटींत हाताने भरायचं. अपलोड कशाला केला मग, हा प्रश्न राउंडेने सुरुवातीला एकदा विचारला होता. आता विचारत नाही.

एका पोर्टलने मात्र बायोडेटा स्वतः वाचून चौकटी आपोआप भरल्या. राउंडे हरखला आणि न तपासता बटण दाबून मोकळा झाला. टेस्टरने असं करावं! त्या यंत्राने वडिलांचं नाव हुद्द्याच्या जागी टाकलं होतं आणि ‘कुर्डुवाडी’ हे स्किल्सच्या यादीत, जावाच्या खाली आणि सेलेनियमच्या वर. मुलाखतीला समोर गुरुग्रामचा एक चुणचुणीत मुलगा. यादीवरून बोट फिरवत खाली आला. “कुर्डुवाडी पे कितने साल का हँड्स-ऑन है?”

राउंडेने क्षणभर पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हे अण्णांचे संस्कार.

“अठरा साल.”

“एटीन!” मुलगा सावरून बसला. “ग्रेट. अभी भी यूज होता है?”

“जंक्शन है, सर,” राउंडे म्हणाला. “मिरज, लातूर, सोलापूर, सब वहीं से कनेक्ट होता है।”

“इंटिग्रेशन, हां,” मुलाने लिहून घेतलं. या राउंडमध्ये तो पास झाला.

ज्या कंपनीची गोष्ट मला सांगायची आहे ती ही नव्हे. ती खराडीची, काचेच्या इमारतीतली. तिचं नाव सांगत नाही; मागाहून कळेल की ते सांगून फारसा उपयोगही नव्हता. तिची पहिली फेरी ऑनलाइन परीक्षेची होती. परीक्षा घरी द्यायची, पण लॅपटॉपचा कॅमेरा पूर्ण वेळ चालू. आधी लॅपटॉप उचलून खोली चहूबाजूंनी दाखवायची. राउंडेने दिवाणखाना दाखवला, देवघर दाखवलं, पंखा दाखवला. काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, सक्त ताकीद होती की कुकर लावायचा नाही. शिट्टी झाली तर ‘संशयास्पद आवाज’ म्हणून नोंद होते. काकूंनी त्या दिवशी पोळी-भाजीवर भागवलं. अण्णा पेपर तोंडासमोर धरून कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसले होते. आणि दहाव्या मिनिटाला पडद्यावर लाल पट्टी झळकली: तुमच्या पाठीमागे दुसरी व्यक्ती आढळली आहे.

मागे कोणी नव्हतं. होती ती भिंतीवरची अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची मोठी तसबीर. ‘पाठीशी आहे’ असा भरवसा ज्यांनी दिला त्यांच्यावरच संगणकाने बोट ठेवलं. काकूंनी दारातूनच हात जोडले. “बघ, त्याला पण दिसले!” आता हा आवाजही नोंदला गेला.

त्यातच दोन गाड्यांचं गणित आलं. एक गाडी अमुक स्टेशनावरून ताशी साठच्या वेगाने निघाली, दुसरी समोरून ऐंशीने, तर त्या कुठे भेटतील? राउंडेने सवयीने प्रश्न पुटपुटत वाचला आणि अण्णांचा पेपर खाली आला.

“भेटतील?” अण्णा म्हणाले. “भेटतील म्हणजे? सिंगल लाइन आहे का? दोन्हीकडून लाइन क्लिअर दिला कोणी?”

“अण्णा, गणित आहे. गप्प बसा.”

“दोन्ही स्टेशन मास्तर सस्पेंड व्हायला पाहिजेत,” अण्णा म्हणाले. त्यांनी जेवतानाही तो विषय सोडला नाही.

तरीही राउंडे पास झाला. मग टेक्निकल राउंड. समोरच्याचा कॅमेरा बंद. पडद्यावर एका वर्तुळात दोन अक्षरं, त्यांच्याशी तासभर बोलायचं. सीव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांत फरक काय? राउंडेचं उत्तर तयार असतं: कंपनीच्या पहिल्याच पानावर कंपनीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर बिघाड किरकोळ, पण दुरुस्ती तातडीची. आणि मग या धंद्यातला तो अमर प्रश्न: समजा हे पेन आहे, तर तुम्ही ते कसं टेस्ट कराल? एके काळी राउंडे याला पाच-सहा मुद्दे सांगायचा. आता त्याची यादी चाळिसावर गेली आहे. उलटं धरल्यावर लिहितं का, खिशात गळतं का, डावखुऱ्याला चालतं का, टोपण गिळलं तर श्वास चालू राहायला भोक आहे का. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने त्याला पेन दाखवायचं बंद केलंय. दुसऱ्या टेक्निकल राउंडला दुसरी दोन अक्षरं होती आणि तेच पेन. पहिल्याचा अभिप्राय दुसऱ्यापर्यंत पोचला नव्हता.

हा छळ आजचा नाही. एडिसनने 1921 साली आपल्याकडे नोकरी मागायला येणाऱ्या पदवीधरांसाठी दीडशेच्या घरात प्रश्नांची एक परीक्षा काढली होती. फ्रान्सला लागून कोणते देश आहेत, सुके आलुबुखार कुठून येतात, असले प्रश्न. ते वर्तमानपत्रात फुटले आणि अमेरिकाभर घरोघरी लोक नापास होऊ लागले. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आले होते. त्यांना बोस्टनमध्ये कोणीतरी त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न टाकला. ते म्हणाले, पुस्तकात सापडणाऱ्या गोष्टी मी डोक्यात घेऊन फिरत नाही. एडिसनकडे त्यांना नोकरी लागली नसती. अलीकडे गूगलचे माणसं-भरती बघणारे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीर कबुली दिली की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील छापाची कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. त्याने विचारणाऱ्याला हुशार वाटतं, एवढंच. त्याच कंपनीने आपल्याच मुलाखतींचा हिशेब मांडला तेव्हा चार मुलाखतींत जे कळायचं ते कळतं, पुढच्या फेऱ्यांनी भर फारशी पडत नाही, असं निघालं. हे मी राउंडेला उत्साहाने वाचून दाखवलं. त्या दिवशी त्याची पाचवी होती. “काका,” तो म्हणाला, “हे त्यांना कोणत्या राउंडला सांगू?”

पाचवी फेरी ‘फेस टू फेस’ होती. म्हणजे प्रत्यक्ष या. सिंहगड रोडवरून खराडी म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं. राउंडे त्या दिवशी पॅंट घालून निघाला. काकूंनी हातावर दही ठेवलं. गेटवर ओळखपत्र, लॅपटॉपचा नंबर, फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, गळ्यात ‘व्हिजिटर’चा पट्टा. तासभर सोफ्यावर. मग एका काचेच्या खोलीत नेऊन बसवलं आणि समोरचा पडदा लावला. मॅनेजरसाहेब आज घरून काम करत होते. त्यांनी आपुलकीने विचारलं, “यायला त्रास नाही ना झाला? कुठून आलात?”

“सिंहगड रोड, सर. धायरी.”

“अरे वा! मी वडगावला. फन टाइम थिएटरच्या मागे.”

दोघांच्या घरांत चालत जाण्याइतकं अंतर. पण फेरी फेस टू फेस होती, त्यामुळे ती खराडीतूनच झाली.

सहावी फेरी क्लायंटची, अमेरिकेतली, रात्री साडेनऊला. शनिवारी ठरली, सोमवारी व्हायची होती, आणि मधल्या रविवारी, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, अमेरिकेने आपली घड्याळं तासाने मागे घेतली. राउंडे साडेनऊला निळा शर्ट घालून बसला. पावणेदहा झाले, दहा झाले. त्याने ‘जॉइनिंग इश्यू’ असा मेल टाकला. साडेदहाला पलीकडे एक प्रसन्न गृहस्थ उगवले आणि म्हणाले, “यू आर अर्ली!” तोपर्यंत काकूंनी दोनदा वरण गरम केलं होतं.

त्याच आठवड्यात अण्णांनी त्यांचा वार्षिक राउंड उरकला. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 पासून तो ‘जीवन प्रमाण’वर देता येतो, आता तर फोनसमोर चेहरा धरला तरी चालतो. अण्णांनी चेहरा धरला, डोळे मिचकावले, झालं. अण्णा जिवंत आहेत हे भारत सरकारला दोन मिनिटांत पटलं. “बघ,” अण्णा म्हणाले, “सरकारी काम.” यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण राहवेना. म्हटलं, अण्णा, तुमच्याच रेल्वेने 2019 मध्ये पस्तीस हजार जागांची जाहिरात काढली, सव्वा कोटी अर्ज आले आणि पहिली परीक्षा 2020 च्या डिसेंबर अखेरीस सुरू झाली. अण्णा म्हणाले, “तेव्हा मी रिटायर झालो होतो.”

सातवी फेरी एचआरची. तिथे कामाचं विचारत नाहीत, स्वभावाचं विचारतात. ‘सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा’, ‘अपयश आल्याचा प्रसंग सांगा’. त्याचं उत्तर देण्याची एक ठरलेली पद्धत असते, स्टार म्हणतात तिला: आधी सिच्युएशन, मग टास्क, मग ॲक्शन, शेवटी रिझल्ट. राउंडेने तिचा इतका रियाज केला की ती त्याच्या अंगात मुरली. दूध का नासलं, असं काकूंनी विचारलं तरी तो सिच्युएशनपासून सुरू करायचा. रिझल्टपर्यंत पोचेस्तोवर काकूंनी पनीर केलेलं असायचं.

हीच गोष्ट त्याच्या लग्नाची. नाशिकचं एक स्थळ आलं होतं, मुलगी बँकेत. मोकळेपणाने तिने विचारलं, “स्वयंपाक येतो का?” राउंडे म्हणाला, “टोटल चार वर्षं, रिलेव्हंट दीड.” मुलगी हसली. राउंडे हसला नाही, कारण त्याने विनोद केला नव्हता. दोन दिवसांनी ‘कळवतो’ असा निरोप आला. घरात सगळे आशेवर होते. राउंडेने एकट्याने त्या निरोपाचा अर्थ ओळखला आणि फाइल बंद केली.

आता मला एक सांगितलं पाहिजे, नाहीतर हा माणूस तुम्हाला फारच बापुडवाणा वाटेल. प्रोसेसने छळलेला माणूस प्रोसेसचा वैरी होतो असा माझा समज होता. तो चुकीचा. आमच्या सोसायटीला रात्रीचा वॉचमन हवा होता. कमिटीने काम राउंडेकडे दिलं. एजन्सीने पाठवलेला माणूस सकाळी नऊला काठी घेऊन हजर. राउंडेने त्याला क्लब हाउसमध्ये बसवलं.

“पांच साल बाद खुद को कहाँ देखते हो?”

“गेट पर ही, साहब।”

राउंडेला उत्तर आवडलं नाही. महत्त्वाकांक्षा कमी पडत होती. त्याने दुसरी फेरी सेक्रेटरींबरोबर ठेवली, तिसरी चेअरमनसोबत, पण चेअरमन बारामतीला गेले होते. संध्याकाळी तो वॉचमन समोरच्या सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसला होता. अजून तिथेच आहे. राउंडे जाता-येता त्याच्याकडे बघतो आणि मला सांगतो, “कमिटमेंट नव्हती, काका.”

आणि 2022 ची गोष्ट तर मी विसरलोच नाही. तेव्हा वारं उलटं वाहत होतं. कोविडनंतर सगळ्या जगाला एकदम सॉफ्टवेअर हवं झालं आणि माणसं मिळेनात. त्या वर्षीच्या एप्रिल-जून तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीतून माणसं सोडून जाण्याचं प्रमाण 28.4 टक्क्यांवर पोचलं होतं. बाकीच्यांचीही तीच रड. राउंडे त्या वर्षी राजा होता. एक ऑफर घ्यायची, ती दाखवून दुसरीकडे जास्त मागायचे, दुसरी दाखवून तिसरीकडे. त्याने सोसायटीत तीनदा पेढे वाटले. मी तीनदा खाल्ले. नोकरी मात्र माणूस एकच करू शकतो. उरलेल्या दोन कंपन्यांत जॉइनिंगच्या दिवशी त्याचा फोन बंद होता. एकीने लॅपटॉप तयार ठेवला होता, टेबलावर नावाची पाटी लावली होती म्हणे. राउंडे त्या दिवशी सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही खात होता. खाली उतरून त्याने सिम बदललं आणि पुढे ई-मेलही नवा उघडला. तेव्हा मी विचारलं, अरे निदान कळवायचं तरी. तो म्हणाला, “काका, एचआरला काय, सवय असते.” हल्ली या कंपन्या सात-सात फेऱ्या घेतात, पाच-पाच कागद मागतात, त्यातल्या एखाद्या फेरीचं श्रेय आमच्या राउंडेकडे जातं असं मला राहून राहून वाटतं. त्याला तसं वाटत नाही.

असो. खराडीच्या कंपनीचा ‘सिलेक्टेड’ असा फोन आला. पेढे आणू की नको, असं अण्णांनी विचारलं, राउंडे म्हणाला, “डॉक्युमेंटेशन होऊ दे.” यादी आली. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, पीएफचं पासबुक, जुन्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, नोकरीविना गेलेल्या महिन्यांचा खुलासा आणि दहावीची मार्कशीट. मार्कशीटवर गाडी अडली. दहावीच्या बोर्डाने त्याचं आडनाव आधी घातलेलं, मग नाव, मग अण्णांचं. पॅनवर नाव आधी, आडनाव शेवटी. पासपोर्टवर अण्णा नावाला चिकटून एकच शब्द झालेले. आधारवर अण्णांचं फक्त आद्याक्षर. कंपनीने नेमलेल्या तपासणी करणाऱ्या एजन्सीने कळवलं की सदर कागदपत्रं चार वेगवेगळ्या व्यक्तींची असावीत.

त्यावर आपल्याकडे उपाय आहे. शिवाजीनगर कोर्टाबाहेर नोटरी बसतात. ‘वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ असं प्रतिज्ञेवर लिहून द्यायचं. शंभराच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर 2024 मध्ये संपले, आता पाचशेचा. राउंडे कुरकुरला, पण स्वतः स्वतः असल्याचं पाचशे रुपयांत सिद्ध होत असेल तर महाग नाही, असं अण्णांनी ठरवलं. त्यांचं फुकटात झालं होतं हेही त्यांनी ऐकवलं.

मध्येच घराचा पत्ता तपासायला एजन्सीचा पोरगा आला. त्याने गेटवर खरं नाव विचारलं. आमचा नवा वॉचमन म्हणाला, असं कोणी इथे राहत नाही. अडनिडं वय, उंची, निळा शर्ट असं वर्णन केल्यावर म्हणाला, “अच्छा, राउंडेसाहब!” पोराने ते प्रामाणिकपणे लिहून घेतलं आणि गेटचा फोटो काढून गेला. पाचवं नाव निघालं. राउंडे धावत नोटरीकडे गेला. नोटरींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, जुना मजकूर वाचला आणि शेवटी ‘ऊर्फ राउंडे’ घालून दिलं. पुरावा म्हणून काय जोडता, असं विचारल्यावर राउंडेने पाकिटातून गणपतीची पावती काढली.

प्रतिज्ञापत्र पोर्टलवर चढलं. पाचही नावं एका ओळीत, खाली शिक्का. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे ताक प्यायला गेलो होतो तेव्हा एचआरच्या बाईंचा फोन आला. राउंडेने घाईने शर्ट चढवला, कॅमेरा नव्हता तरी. फोन स्पीकरवर होता.

बाईंचा आवाज गोड होता. “सर, ॲफिडेव्हिट मिळालं, थँक यू. पाचही नावं सिस्टीममध्ये टाकली. त्यातल्या पहिल्या नावाने एक जुना रेकॉर्ड मॅच होतोय. 2022 चा.”

“मी तुमच्याकडे कधी अप्लाय नव्हतं केलं,” राउंडे म्हणाला.

“तेव्हा आमचं नाव वेगळं होतं, सर. मग आम्हाला दुसऱ्या ग्रुपने टेकओव्हर केलं.” त्यांनी जुनं नाव सांगितलं. राउंडेच्या चेहऱ्यावरून सिंहगड उतरताना मला स्पष्ट दिसला. कंपनीनेही मधल्या काळात नाव बदललं होतं. तिच्याकडून मात्र कोणी प्रतिज्ञापत्र मागितलं नव्हतं.

“रेकॉर्डमध्ये असं आहे,” बाई वाचू लागल्या, “ऑफर ॲक्सेप्टेड, लॅपटॉप अलॉटेड, जॉइनिंगच्या दिवशी कँडिडेट नॉट रीचेबल. ही व्यक्ती तुम्हीच ना, सर?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अण्णांनी पेपर खाली ठेवला. नाही म्हणायला जागा नव्हती. पाचशेच्या स्टॅम्पवर त्याने कालच हो म्हटलं होतं.

“हो,” राउंडे म्हणाला.

“ओके. मग एक छोटासा ॲडिशनल राउंड घेऊ या का, आत्ताच? त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, ते जरा सांगाल?”

राउंडेने बर्मुडावर ताकाची मिशी पुसली, ताठ बसला, घसा खाकरला आणि सिच्युएशनपासून सुरुवात केली.